यूएसबी-टीटीएल मॉड्यूल, तापकीर गल्ली आणि कर्नलचा लॉग: कोणतं घ्यावं, कसं लावावं

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तापकीर गल्लीत शिरून ‘यूएसबी टू टीटीएल आहे का’ असं विचारलं की काउंटरवर तीन-चार प्रकारची मॉड्यूल येऊन पडतात. लॅपटॉपच्या यूएसबीतून एखाद्या बोर्डाच्या सिरियल पिनांशी बोलायला ती लागतात. सगळी अंगठ्याएवढी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पाच-सहा पिना, आणि काउंटरपलीकडच्या माणसाच्या लेखी सगळी सारखीच. आर्ड्युइनोला खरंच कोणतंही चालतं. आम्ही मात्र ती एकाच कामासाठी जोखली आहेत: लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सावरता न येणाऱ्या चुकीने ‘पॅनिक’ होऊन रास्पबेरी पायसारखा बोर्ड गारठतो, तेव्हा त्याचे शेवटचे मेसेज शेजारच्या लॅपटॉपवर शाबूत पोचतात का. मॉड्यूल हे त्यातलं निम्मंच काम. उरलेलं निम्मं कर्नलच्या सेटिंगमध्ये आहे, आणि ‘मॉड्यूल डब्बा निघालं’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा गोम त्या दुसऱ्या निम्म्यात असते. म्हणून हा रिव्ह्यू दोन्हींचा.

आधी, हे कोणी घेऊ नये

मशीन चालू राहतंय, फक्त वायफाय तुटतंय किंवा पेनड्राइव्ह ओळखला जात नाही, एवढीच तक्रार असेल तर पैसे घालवू नका. कर्नल आपले मेसेज मेमरीतल्या एका गोल बफरमध्ये लिहितो आणि ‘डीमेसेज’ ही कमांड तेच वाचून दाखवते. ‘डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवून पेनड्राइव्ह लावा, काय बिनसलं ते समोर येतं. ‘-एल’ पुढे ‘ईआरआर,वॉर्न’ लिहिलं की फक्त चुका आणि इशारे उरतात. ‘-टी’ने, म्हणजे कॅपिटल टीने, घड्याळातली वेळ दिसते, पण लॅपटॉप मध्ये झोपवून उठवला असेल तर ती वेळ चुकते, कारण झोपेतला काळ त्या हिशोबात धरलेला नसतो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर यंत्रात बिघाड नाही. ‘कर्नल.डीमेसेज_रिस्ट्रिक्ट’ १ केलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. सुडो लावा.

बफरचा आकार मूळ कर्नलमध्ये १२८ केबी धरलेला असतो, काही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार रूपं, तो २५६ केबी करतात. भरला की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. बडबड्या ड्रायव्हरमुळे बूटचे पहिले मेसेज गायब होत असतील तर कर्नल कमांड लाइनवर ‘लॉग_बफ_लेन=४एम’ टाका, प्रश्न मिटतो.

मागच्या बूटचा लॉग हवा असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. हे रिकामं येत असेल तर ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर आहे का ते पाहा. लॉग साठवणाऱ्या जर्नलडीचं ‘स्टोरेज’ मुळात ‘ऑटो’वर असतं: फोल्डर असेल तर डिस्कवर लिहायचं, नसेल तर ‘/रन’मध्ये, म्हणजे मेमरीत, जे रीबूटला जातं. फोल्डर तयार करून जर्नलडी रीस्टार्ट करा आणि ‘जर्नलसीटीएल --फ्लश’ द्या, म्हणजे पुढच्या बूटपासून मागचा लॉग टिकतो. डेबियन १२ पासून ‘कर्न.लॉग’ फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे ती सापडत नाही म्हणून शोधत बसू नका.

इथवर सगळं फुकट आहे आणि रोजच्या कामाला पुरतं. याची मर्यादा एकच, पण तीच महत्त्वाची: जर्नलडी हा साधा प्रोग्रॅम आहे. त्याने बफर वाचायचा, मग फाइलमध्ये लिहायचं, मग ते डिस्कवर पक्कं करायचं. ‘क्रिटिकल’ आणि त्याहून गंभीर मेसेज तो लगेच पक्के करतो. बाकीच्यांसाठी ठरलेलं अंतर पाच मिनिटांचं आहे. कर्नल पॅनिक झाला की कुठलाच प्रोग्रॅम चालत नाही. ज्या वीस-तीस ओळींत खरं कारण असतं त्या मेमरीतच राहतात आणि पॉवर काढली की संपतात. सिरियल पोर्टवर मात्र कर्नल स्वतः लिहितो, मध्ये ना डिस्क, ना प्रोग्रॅम. मॉड्यूल घ्यायचं ते या ओळींसाठी.

चिपवरून निवड

मॉड्यूलचा रंग, पिनांचा क्रम, दुकानदाराने सांगितलेलं नाव यांना काही अर्थ नाही. उलटं करून चिपवरची अक्षरं वाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम केलं की वाचता येतात.

सीपी२१०२ ही आमची पहिली पसंती, एका अटीवर. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर ‘सीपी२१०एक्स’ कर्नलबरोबरच येतो. तिचे सिग्नल ३.३ व्होल्टचेच असतात, जंपर चुकीचा बसायची भानगड नाही. रास्पबेरी पाय, बीगलबोन आणि ११५२०० वेगावर बोलणाऱ्या इतर बोर्डांना ती घ्या आणि विसरून जा. अट अशी, की साध्या सीपी२१०२ चा वेग १० लाख बॉडला, म्हणजे सेकंदाला तितक्या बिटांना, संपतो. रॉकचिपच्या बोर्डांवर, म्हणजे आरके३३९९ किंवा आरके३५८८ वाल्या, बूटलोडर आणि कर्नल बहुधा १५ लाख बॉडवर बोलतात. तिथे ही चिप नुसती विचित्र अक्षरं ओतत राहते आणि माणूस वायर बदलत बसतो. चिपवर सीपी२१०२ च्या पुढे ‘एन’ असेल तर मात्र ३० लाखांपर्यंत जाता येतं. दुकानात तो एक ‘एन’ शोधायचा.

सीएच३४० सगळ्यात स्वस्त, आणि स्वस्त म्हणून नाक मुरडण्यासारखी नाही. २० लाख बॉडपर्यंत जाते, त्यामुळे रॉकचिपला उलट हीच बरी. दोष दोन. एक म्हणजे बऱ्याच मॉड्यूलवर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट निवडायचा पिवळा किंवा काळा जंपर असतो, आणि तो पाकिटातून ५ वर बसलेलाही निघू शकतो. दुसरा दोष पुढे सिसआरक्यूच्या, म्हणजे अडकलेल्या कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सोयीच्या, वेळी येईलच.

एफटीडीआयची एफटी२३२आर अस्सल असेल तर उत्तमच: ३० लाख बॉड, प्रत्येक चिपला स्वतःचा सिरियल नंबर. पण स्वस्तात मिळणारी एफटी२३२ अस्सल असेलच असं धरू नका. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून त्या निकामी केल्या होत्या. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये असला प्रकार नाही, पण हेच मॉड्यूल उद्या कोणाच्या विंडोज लॅपटॉपला लागणार असेल तर विचार करा. एकाच टेबलावर पाच-सहा बोर्ड चोवीस तास लॉग होत असतील तिथे अस्सल एफटीडीआयची केबल पैसे वसूल करते. सीएच३४० ला सिरियल नंबरच नसतो आणि सीपी२१०२ च्या कितीतरी मॉड्यूलवर सगळ्यांचा तोच ‘०००१’ असतो, त्यामुळे ‘/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी’मध्ये कोण कोणता ते कळत नाही. अशा वेळी ‘बाय-पाथ’ वापरा आणि कोणतं मॉड्यूल हबच्या कोणत्या भोकात आहे ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

पीएल२३०३ घेऊ नका. लिनक्सवर चालते, पण बाजारात नकला फार, आणि प्रोलिफिकचे नवे विंडोज ड्रायव्हर जुन्या चिपांना सरळ नाकारतात. त्याच किमतीत सीपी२१०२ मिळत असताना हा व्याप कशाला?

जोडण्याआधी मल्टिमीटर

सिरियल लाइन शांत असते तेव्हा टीएक्स पिन, म्हणजे डेटा पाठवणारी, ‘हाय’ असते. मॉड्यूल लॅपटॉपला लावा, बाकी काही जोडू नका, आणि टीएक्स व ग्राउंडमध्ये व्होल्ट मोजा. ३.३ च्या आसपास आलं तर ठीक. ५ च्या जवळ आलं तर ते मॉड्यूल पायला लावायचं नाही. पायच्या जीपीआयओ पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. जंपरवर काय छापलंय त्यापेक्षा मीटर काय म्हणतो ते खरं.

मग टीएक्स आणि डेटा घेणारी आरएक्स पिन एकमेकांना वायरीने जोडा आणि टर्मिनल उघडून काहीही टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर उमटलं तर मॉड्यूल, ड्रायव्हर, परवानगी, सगळं जागेवर आहे. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर आपला युजर ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट करून परत या. नुसतं नवं टर्मिनल उघडून चालत नाही.

पायवर तीनच वायरी: ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबर टीएक्स, १० नंबर आरएक्स. मॉड्यूलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला, आणि उलट. पाय ५ वर तीन पिनांचं वेगळं डीबग कनेक्टर आहे, त्याला बारीक जेएसटी केबल लागते. साधी जंपर वायर बसत नाही. बीगलबोन ब्लॅकच्या सहा पिनांच्या हेडरवर १ ग्राउंड, ४ आरएक्स, ५ टीएक्स. मॉड्यूलची ५ व्होल्टची पिन कुठेही जोडायची नाही. बोर्डाला त्याचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच हॉस्टेलांत प्लगला अर्थिंग नसतं, तिथे एक काळजी जास्तीची. अर्थ नसलेल्या एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, बॉडी आतल्या कपॅसिटरमुळे मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच. करंट थोडा असतो, पण तो टीएक्सच्या पिनेतून गेला तर तिला पुरेसा होतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, ग्राउंडची वायर सगळ्यात आधी जोडा आणि सगळ्यात शेवटी सोडा.

बोर्ड बंद आणि मॉड्यूल चालू अशीही स्थिती ठेवू नका. टीएक्समधून थोडी वीज बोर्डात झिरपते, एलईडी मंद मिणमिणतो आणि बोर्ड धड रीसेट होत नाही. बीगलबोनच्या बाबतीत तर बोर्डाला पॉवर नसताना पिनांवर व्होल्टेज देऊच नका, असा इशाराच आहे.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा ‘कॉम’ हेडर किंवा मागचा नऊ पिनांचा पोर्ट हा वेगळा प्राणी आहे. तिथे खरं आरएस-२३२ असतं, उणे-अधिक पाच ते पंधरा व्होल्टचं. टीटीएल मॉड्यूल थेट लावलं तर जळेल. त्याला यूएसबी-आरएस२३२ केबल आणि मध्ये नल मोडेम लागतो; साधी सरळ केबल घेतली तर दोन्हीकडचे टीएक्स एकमेकांसमोर येतात आणि स्क्रीन कोरी राहते.

लॅपटॉपची बाजू

मिनिकॉम, स्क्रीन, पिकोकॉम, टियो, यांतलं काहीही चालतं. मिनिकॉम घेतलात तर सिरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. तीनच वायरी आहेत. ते चालू राहिलं तर मेसेज दिसतात पण टाइप केलेलं जात नाही. आमची शिफारस टियोला: ओळीपुढे वेळ लावतो, फाइलमध्ये लॉग ठेवतो, आणि मॉड्यूल उपटून परत लावलं तर आपणहून जोडतो.

उबंटू २२.०४ वर सीएच३४० लावल्यावर ‘टीटीवाययूएसबी०’ क्षणभर दिसून नाहीसं होतं. इथे डीमेसेजच उत्तर देतं: आधी ‘सीएच३४१-युआर्ट कन्व्हर्टर नाउ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०’, लगेच खाली ‘ब्रेलटीटीवाय’चं नाव असलेली ओळ, आणि मग ‘नाउ डिसकनेक्टेड’. ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम हे मॉड्यूल आपलंच समजून ताब्यात घेतो. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

कर्नलची बाजू, जिथे खरं अडतं

पीसीवर कर्नल सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्ये कर्नल कमांड लाइनला ‘कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८’ जोडा, ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढा, आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा; फेडोरा घराण्यात ‘ग्रबी’. दोन्ही ‘कन्सोल’ का? कर्नलचे मेसेज दोन्हीकडे जातात, पण ‘/डेव्ह/कन्सोल’ हा मान शेवटी लिहिलेल्याला मिळतो, आणि बूटला सगळे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीचं बोलणं तिथे जातं. नुसतं सिरियल लिहिलं तर मॉनिटरवरचे मेसेज बंद होतात आणि मशीन अडकलंय असं वाटतं.

पायवर ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘इनेबल_युआर्ट=१’. पाय ३ आणि ४ चा मिनी युआर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट, मुळात बंद असतो आणि त्याचा वेग जीपीयूच्या घड्याळाबरोबर हलतो; ही ओळ त्याला चालू करते आणि ते घड्याळ स्थिर ठेवते, नाहीतर मध्येच कचरा अक्षरं येतात. ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मध्ये ‘कन्सोल=सिरियल०,११५२००’. बुकवर्मपासून या दोन्ही फाइली ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये आहेत. आणि सीएमडीलाइनची फाइल एकाच ओळीची असते. एडिटरमध्ये चुकून एंटर दाबला तर पुढचं सगळं दुर्लक्षित.

बोर्डावरचा बूटलोडर यू-बूट ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणून गप्प झाला, तर कर्नल मेलाय असं लगेच धरू नका. ‘कन्सोल’मधलं पोर्टचं नाव चुकलं असेल तरी चित्र हेच दिसतं. डिव्हाइस ट्रीवाल्या, म्हणजे हार्डवेअरची यादी वेगळ्या फाइलीत असलेल्या, बोर्डावर कमांड लाइनला नुसतं ‘अर्लीकॉन’ जोडून पाहा. मेसेज आले तर कर्नल जिवंत आहे आणि चूक नावात आहे.

आता पातळ्या. प्रत्येक मेसेजला ० ते ७ अशी पातळी असते: ० म्हणजे इमर्जन्सी, ३ चूक, ४ इशारा, ६ माहिती, ७ डीबग. कन्सोलची पातळी जितकी, त्याहून लहान आकड्याचेच मेसेज बाहेर पडतात. ‘त्याहून लहान’, ‘तितके’ नव्हे. म्हणून ‘लॉगलेव्हल=७’ दिलं तरी डीबगचे मेसेज येत नाहीत; ८ लागतो. ‘क्वाएट’ ही पातळी ४ वर आणतो, म्हणजे इशारेसुद्धा गळतात. पॅनिक होताना कर्नल स्वतःच पातळी वर नेतो, त्यामुळे पॅनिकचा मजकूर ‘क्वाएट’मध्येही दिसतो. पण डिस्क टाइमआउट होत होती, लिंक पडत होती, मेमरी संपत होती हे सांगणाऱ्या आधीच्या ओळी नसतात, आणि त्या नसल्या की नुसत्या स्टॅक ट्रेसवरून अंदाज बांधत बसावं लागतं.

चालू मशीनवर ‘/प्रॉक/सिस/कर्नल/प्रिंटके’ वाचा. चार आकडे येतात, उबंटूवर बहुधा ‘४ ४ १ ७’. पहिला आकडा आत्ताची कन्सोल पातळी. उबंटूवर हमखास फसवणारी गोष्ट इथे आहे: कमांड लाइनवर ‘लॉगलेव्हल=८’ दिलेलं, बूटची सुरुवात भरभरून येते, आणि मध्येच धबधबा थांबतो. मॉड्यूल, वायर, ड्रायव्हर सगळ्यांवर संशय घेऊन होतो. खरा हात ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.डी’मधल्या ‘१०-कन्सोल-मेसेजेस.कॉन्फ’चा असतो, बूटच्या मध्यावर सिस्टमडी ती फाइल लागू करतं आणि पातळी परत ४ होते. त्या फाइलला हात न लावता नंतरच्या आकड्याची आपली फाइल टाका, ‘कर्नल.प्रिंटके = ८ ४ १ ७’, किंवा सरळ कमांड लाइनवर ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ द्या. हा पर्याय दिला की पातळीचा विचारच होत नाही, सगळं बाहेर येतं.

पातळी बरोबर लागली का हे पाहायला रीबूट नको. रूट होऊन ‘/डेव्ह/केमेसेज’मध्ये दोन ओळी इको करा, एकीच्या सुरुवातीला कोनी कंसात ३, दुसरीच्या ७. पहिली आली आणि दुसरी नाही, तर पातळी ४ ते ७ च्या मध्ये आहे. दोन्ही आल्या तर ८. एकही नाही, तर ‘कन्सोल’ ओळीकडे परत जा.

एवढं करूनही एखाद्या ड्रायव्हरचे डीबग मेसेज दिसत नाहीत, कारण डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये ते बहुधा डायनॅमिक डीबगखाली झोपलेले असतात. ‘/सिस/कर्नल/डीबग/डायनॅमिक_डीबग/कंट्रोल’मध्ये ‘मॉड्यूल यूएसबी_स्टोरेज +पी’ असं लिहिलं की तेवढ्या कर्नल मॉड्यूलचे, म्हणजे त्या ड्रायव्हरचे, जागे होतात. ‘-पी’ने परत गप्प. बूटपासूनच हवे असतील तर कमांड लाइनवर ‘यूएसबी_स्टोरेज.डीवायएनडीबीजी=+पी’.

सगळ्याच ड्रायव्हरांचे उघडू नका, कारण वेग. ११५२०० बॉडला एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. १२८ केबीचा पूर्ण बफर बाहेर पडायला साडेअकरा सेकंदांच्या आसपास लागतात. ऐंशी अक्षरांच्या हजार ओळी सेकंदाला ओकणारा ड्रायव्हर लाइनच्या सातपट मागतो. पारंपरिक सिरियल कन्सोलवर लिहिणारा सीपीयू ते संपेपर्यंत तिथेच अडकतो. मग ‘सॉफ्ट लॉकअप’ किंवा ‘आरसीयू स्टॉल’चे, म्हणजे सीपीयू अडकल्याचे, मेसेज येतात, आणि ते लॉगमुळेच आलेले असतात. ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ दिसलं तर मॉड्यूलने ओळी गाळलेल्या नाहीत. कर्नलनेच रेट लिमिट लावलं आहे, मुळात पाच सेकंदांत दहा मेसेजचं.

खरी परीक्षा

टेस्टच्या मशीनवर, आणि फक्त टेस्टच्या: ‘सिंक’ करा, मग रूट होऊन ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये ‘सी’ इको करा. कर्नल ठरवून पॅनिक होतो. लॅपटॉपवर ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: सिसआरक्यू ट्रिगर्ड क्रॅश’ येऊन, खाली ‘एंड कर्नल पॅनिक’वाली शेवटची ओळ पूर्ण उमटली तर साखळी पक्की. ओळ मध्येच तुटली तर ग्राउंडची वायर आणि जंपरच्या सैल टोप्या बघा. ११५२०० ला तिन्ही चिपांनी ही परीक्षा सारखीच पार पाडावी. १५ लाखांवर साधी सीपी२१०२ बाद.

बोर्ड पॅनिक न होता नुसता थिजला असेल तर सिरियलवरून सिसआरक्यू पाठवता येतो: आधी ब्रेक, मग अक्षर. मिनिकॉममध्ये ब्रेक म्हणजे कंट्रोल-ए मग एफ. ‘डब्ल्यू’ने अडकलेली टास्क दिसतात, ‘एल’ने प्रत्येक सीपीयूचा स्टॅक. उबंटूत ‘कर्नल.सिसआरक्यू’ १७६ असतं, डेबियनमध्ये ४३८, आणि दोन्हींत ही माहिती छापण्याचा ८ चा बिट नाही. टेबलावरच्या बोर्डाला आधीच १ करून ठेवा. थिजल्यावर सुचून उपयोग नाही. सीएच३४० चा दुसरा दोष इथे भेटतो: त्या घराण्यातल्या काही चिपांना खरा ब्रेक पाठवताच येत नाही. नवे कर्नल वेग कमी करून त्याची नक्कल करतात, जुन्या कर्नलच्या लॅपटॉपवरून मात्र तो जातच नाही. सिसआरक्यू रोज लागणार असेल तर सीपी२१०२.

सिरियल पोर्टच नसलेला लॅपटॉप क्रॅश होत असेल तर हे मॉड्यूल त्याच्याच यूएसबीत खुपसून ‘कन्सोल=टीटीवाययूएसबी०’ लिहिण्याचा मोह होतो. त्यासाठी यूएसबी-सिरियल कर्नलमध्ये आतच बांधलेलं लागतं, बऱ्याच डिस्ट्रोंत ते वेगळं कर्नल मॉड्यूल असतं. आणि असलं तरी पॅनिकच्या वेळी यूएसबीवर विसंबणं बेभरवशाचं. तिथे कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून पाठवणारा नेटकन्सोल बरा: ते कर्नल मॉड्यूल लोड करताना स्वतःचा पोर्ट ६६६५, आयपी, इंटरफेस, मग समोरच्याचा पोर्ट ६६६६, आयपी आणि मॅक पत्ता द्यायचा, आणि दुसऱ्या मशीनवर ‘एनसी -यू -एल ६६६६’ लावून ठेवायचं. लॅनची वायर हवी. वायफायवर सहसा चालत नाही. मेसेज यूडीपीवर जातात, हरवले तर हरवले. पातळीचा नियम त्यालाही लागू, त्यामुळे वरचं ‘८’चं प्रकरण इथेही करावंच लागतं. यूईएफआय मशीनवर ‘/सिस/एफएस/पीस्टोअर’ही उघडून पाहा, क्रॅशच्या लॉगचे तुकडे तिथे उरलेले असू शकतात; सिस्टमडी ते उचलून ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर’मध्ये ठेवतं.

घ्यायला जाताना

गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. मॉड्यूलबरोबर फीमेल-टू-फीमेल जंपर वायरी मागा, सहसा त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. लांबी वीस सेंटीमीटर पुरे. १५ लाख बॉडला लांब वायरी त्रास देतात. पिना सुट्या असतील तर सोल्डर केलेलं मॉड्यूल मागा. लॅपटॉप नेलात तर काउंटरवरच टीएक्स-आरएक्स जोडून टाइप करून बघता येतं, त्याला कोणी हरकत घेत नाही. दोन घ्या: एक सीपी२१०२, एक सीएच३४०. दोन्ही मिळून अस्सल एफटीडीआय केबलच्या मानाने किरकोळ पडतात, आणि एकाने कचरा दाखवला की दोष बोर्डात आहे की मॉड्यूलमध्ये, हे दुसरं लावून मिनिटात कळतं.